जोडी जुळली, ओहम जुळेना

पार्श्वभूमी

परभणीत माझं बॅटरी आणि गाडीच्या वायरिंगचं दुकान आहे. ऑडिओ हा माझा मूळ धंदा नाही. सेल्फ, अल्टरनेटर, हॉर्न, हेडलाइट यांच्यावर घर चालतं. पण गाडीत साउंड बसवला आणि तो रुसला की गिऱ्हाईक फिरून फिरून शेवटी वायरवाल्याच्याच दारात येतं. हे प्रकरण तसंच आलं. गाडीमालकाला विचारून लिहितोय. त्याची ओळख पटेल असं सगळं गाळलंय, आकडे मात्र वहीत टिपले तसेच ठेवलेत.

गाडीमालक जिंतूर रोडवरच्या एका गावातला, तिशीच्या आतला. घरी कापूस-सोयाबीन, जोडीला बोलेरो भाड्यानं. लग्नसराईत गाडीला दम खायला वेळ नसतो. ज्या गाडीत साउंड चांगला तिला पोरं आधी बोलावतात, त्यामुळं त्याच्या लेखी वूफर ही चैन नव्हती, धंद्याची गुंतवणूक होती.

पहिली जोडणी दोन वर्षांपूर्वीची. १२ इंची एक सबवूफर, त्यात दोन कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी), प्रत्येक कॉइल ४ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), ताकद ३०० वॅट आरएमएस, म्हणजे सलग सोसता येईल तेवढी. त्याला एक मोनो ॲम्प (ॲम्प्लिफायर), क्लास डी जातीचा. ॲम्पच्या पाठीवर छापलेलं: ४ ओहमवर ३०० वॅट, २ ओहमवर ५०० वॅट, आणि बारीक अक्षरात, कमीत कमी २ ओहम. त्या वेळच्या फिटरनं दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून २ ओहम केले, गेन (डेकचा सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) बेतानं ठेवला आणि दीड वर्ष एक तक्रार आली नाही. काम चोख होतं.

मग पोराला दुसरा वूफर हवा झाला. इथं त्यानं जी काळजी घेतली ती बहुतेक जण घेत नाहीत: तीच कंपनी, तेच मॉडेल, तीच कॉइल, हैदराबादहून शोधून वापरलेला पण धडधाकट पीस आणला. मधोमध फळी घालून दोन कप्प्यांचा बंद डबा करून घेतला. बसवून घेतलं तालुक्याच्या गावी, दुसऱ्या एका फिटरकडून. घोळ झाला तो नेमका या काळजीमुळं.

तक्रार

एप्रिलचा शेवट, दुपारचे चार, बाहेर पारा बेचाळीसच्या वर. गाडी दुकानापुढं लावून पोरगा उतरला तो वैतागलेलाच.

"काका, एक गाणं भारी वाजायलंय, दुसऱ्या गाण्याला बंद पडायलंय. लाल लाइट लागायली. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू."

"आणि गाडीची हेडलाइट?"

"ती तर प्रत्येक ठोक्याला डोळा मारायली."

आदल्या रात्री एका वरातीत तीनदा बंद पडलं होतं. तिसऱ्यांदा डिकीतून करपल्यासारखा वास आला तेव्हा घाबरून त्यानं ॲम्पचा फ्यूज काढून खिशात टाकला. ही त्याची शहाणपणाची गोष्ट. नाहीतर माझ्याकडं ॲम्पची राख आली असती. (रात्री दहानंतर वाजवायची परवानगी नाही हेही मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं ते दुसरीकडं बघून ऐकलं.)

फिटरनं आधीच दोन निदानं दिली होती. एक, ऊन फार आहे. दोन, बॅटरी कमजोर आहे, मोठी टाका. दोन्हींत थोडं तथ्य होतं, म्हणूनच ती फसवी होती. ऊन होतंच, आणि हेडलाइट मिचकावत होती म्हणजे व्होल्टेज पडतच होतं. पण त्याच उन्हात, त्याच बॅटरीवर एक वूफर मागच्या उन्हाळ्यात सुखानं वाजला होता. मधल्या काळात बदललं होतं ते एकच.

तपासणी

बॅटरी आधी तपासली, कारण ते दोन मिनिटांचं काम. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.४ ते १३.९. बॅटरी आणि अल्टरनेटर दोघंही निर्दोष.

मग मागच्या आडव्या सीट वर करून ॲम्पपाशी गेलो. ॲम्पला स्पीकरसाठी चार स्क्रू होते: दोन प्लस, दोन मायनस. फिटरनं पहिला वूफर एका जोडीला लावलेला, दुसरा दुसऱ्या जोडीला. दोन्ही वूफरच्या कॉइल आतून पॅरलल. वायर सोडवून मीटर लावला.

पहिल्या वूफरच्या वायरवर २.१ ओहम. दुसऱ्यावर २.१. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवत होता, तो वजा केला की १.८. ४ ओहमची कॉइल मीटरवर कधीच पूर्ण चार दाखवत नाही, साधारण ३.२ ते ३.८ च्या मध्ये कुठं तरी येते. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो, वाजताना जो इंपीडन्स (सुरागणिक बदलणारा एकूण अडथळा) असतो तो नाही. ३.६ च्या दोन कॉइल पॅरलल म्हणजे १.८, म्हणजे कागदावरचे २ ओहम. फिटरनं हेच मोजलं असणार. प्रत्येक जोडीला २ ओहम, ॲम्प २ ओहम चालवतो, झालं काम.

आता खरी तपासणी. ॲम्पची पॉवर काढलेली, स्पीकरच्या सगळ्या वायरी सुटलेल्या. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की तो वाजतो. एक टोक पहिल्या प्लसला, दुसरं टोक दुसऱ्या प्लसला.

बीप वाजला.

म्हणजे ते दोन प्लस वेगळे नव्हतेच. आत एकाच पट्टीवर बसवलेले दोन स्क्रू. मोनो ॲम्पला एकच चॅनल असतो. दोन वूफरच्या जाड वायरी एका भोकात कोंबाव्या लागू नयेत एवढ्यासाठी स्क्रू दोन दिलेले असतात. दोन जोड्यांना दोन वूफर लावले म्हणजे ते आतून पॅरललच झाले. दोन्ही वायरी एकत्र धरून मोजलं: १.२, वजा ०.३, म्हणजे ०.९. ॲम्पच्या डोक्यावर २ ओहम नव्हते, १ ओहम होता.

पोराला हे पटेना. "काका, ह्याला २, त्याला २. मग १ कुठून आला?"

त्याला डीपीचं (गावच्या ट्रान्सफॉर्मरचं) सांगितलं. रब्बीत गावाकडं डीपी जळते तेव्हा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की माझी मोटर पाच एचपीचीच आहे. खोटं बोलत नसतो कुणी. पण डीपीला कुणाचं नाव माहीत नसतं, तिच्यापर्यंत सगळ्यांची बेरीज पोचते. ॲम्पचंही तसंच. फरक एवढाच की ओहमचा आकडा उलटा चालतो: मोटारी वाढल्या की करंट वाढतो, आणि करंट वाढला म्हणजे ओहम घटला. लोक इथं अडखळतात. ओहम कमी झाला म्हणजे भार हलका झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तो जड झालेला असतो.

"म्हणजे माझ्या डीपीवर दुप्पट मोटारी चढवल्या," तो म्हणाला. यापुढं त्याला समजवावं लागलं नाही.

आणखी तीन दोष सापडले, ते थोडक्यात सांगतो. बॅटरीपासून मागं आलेली वायर बाहेरून बोटाएवढी जाड, पण सोलली तर आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बारीक तार. जाडी सगळी प्लास्टिकची. अर्थिंग रंगावरच बोल्ट मारून केलेलं. आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळ नव्हता, मागं ॲम्पजवळ होता. हा मुख्य फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. मध्ये कुठं वायर पत्र्याला घासली तर मागचा फ्यूज ती आग बघत बसणार. वाजवून मोजलं तेव्हा ठोक्याला बॅटरीवर १३.४ आणि ॲम्पवर ११.३ येत होतं. दोन व्होल्ट वाटेतच सांडत होते. हेडलाइट डोळा मारत होती ती मात्र दोन वूफरच्या ओढीमुळं. वायर चांगली असती तर कदाचित जास्तच मिचकावली असती.

हिशेब

२ ओहमवर ५०० वॅट द्यायला ॲम्पला सुमारे ३१.६ व्होल्ट लागतात (५०० गुणिले २, त्याचं वर्गमूळ). तेवढेच व्होल्ट १ ओहमवर पडले तर मागणी १००० वॅटची होते. क्लास डी ॲम्प ऐंशी टक्के कार्यक्षम धरला तरी बॅटरीकडून ९५ अँपिअरच्या आसपास ओढ. ॲम्पवरचे फ्यूज ३०-३० चे दोन, म्हणजे ६०. मग फ्यूज का उडाला नाही? कारण गाणं म्हणजे सलग सूर नव्हे, ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा असते, सरासरी करंट बराच कमी राहतो. फ्यूज तापायच्या आत ॲम्पच्या आतलं संरक्षण जागं होत होतं. लाल लाइट हा बिघाड नव्हता. ॲम्प स्वतःला वाचवत होता.

एक शंका जाणकार घेतात: डब्यात बसवलेल्या वूफरचा इंपीडन्स वाजताना वाढतो, काही सुरांना तर कैक पट होतो, मग १ ओहमला घाबरायचं कशाला? वाढतो हे खरं, पण सगळ्या सुरांना नाही. काही पट्ट्यांत तो जवळजवळ तारेच्या रोधापर्यंत खाली येतो, आणि ॲम्प नेमका तिथं पडतो.

आता मूळ अडचण. ४ ओहमच्या दोन कॉइलचा एक वूफर असेल तर जोडण्या दोनच: पॅरलल २ किंवा सिरीज (एकामागं एक) ८. तसे दोन वूफर, म्हणजे चार कॉइल, सारखा भार पडेल अशा जोडायच्या तर मिळतात १, ४ किंवा १६. यात २ नाहीच. कितीही वायरी फिरवा, २ येत नाही. हाच वूफर २ ओहमच्या दोन कॉइलचा असता तर एक वूफर १ किंवा ४ देतो, आणि दोन वूफर अर्धा, २ किंवा ८. म्हणजे एका वूफरसाठी जी कॉइल बरोबर, तीच जोडीसाठी चूक. पोरानं जिवाचं रान करून तंतोतंत जुळणारा पीस आणला, आणि जुळला म्हणूनच अडला.

पर्याय

दुकानात तोवर चार जण जमले होते आणि प्रत्येकाकडं उपाय होता. परभणीत बॉनेट उघडलं की सल्ला फुकट.

एकानं सांगितलं, मध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाका, झाले २. गणित बरोबर. पण मग ५०० मधले २५० वॅट त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाणार. पंचवीस वॅटच्या दहा सोल्डरिंग इस्त्र्या डिकीत चालू ठेवण्याजोगं. नाही.

दुसरा उपाय जास्त मोहात पाडणारा होता, आणि तो सांगणारा माणूस जाणता होता. प्रत्येक वूफरची एकच कॉइल वापरा, दुसरी मोकळी सोडा. ४ आणि ४ पॅरलल, बरोबर २ ओहम. ॲम्प खूश, ५०० वॅट मिळतात. यावर मी खरंच थांबलो, पाच मिनिटं कागदावर मांडलं. हरकत अशी की ३०० वॅट ही ताकद दोन्ही कॉइलची मिळून आहे. एकच चालवली तर उष्णता सोसायची ताकद निम्मी, १५० वॅट. दोन वूफर मिळून ३००, आणि त्यांच्यावर ५०० चा ॲम्प. शिवाय चुंबकाच्या फटीतली निम्मी तार बेकार राहिल्यानं कोनवरची (वूफरच्या पडद्यावरची) पकड सैल होते, बेस लोंबकळल्यासारखा येतो. जपून वाजवणाऱ्याला चाललं असतं. हा पोरगा जपून वाजवणारा नव्हता.

एक वूफर ८, दुसरा २ असं मिश्र केलं तर १.६ येतात. तेही दोनच्या खाली, वर २ वाल्याला चौपट वॅट आणि ८ वाला नुसता हजेरीला. सोडून दिलं.

१ ओहम सोसणारा मोठा ॲम्प घ्यायचा? घेता येतो. पण मग केबल मोठी, फ्यूज मोठा, अल्टरनेटरवर ताण, कदाचित दुसरी बॅटरी. दहा हजारांच्या वाटेला लागलेला माणूस तिसावर जाऊन थांबतो.

दोन्ही वूफर विकून २ ओहम कॉइलचे घ्यायचे? तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चोख मार्ग. ॲम्प तोच, ५०० वॅट पूर्ण. पण वापरलेला वूफर विकायला गेलं की निम्मी किंमत हातात येते, आणि लग्नसराई ऐन भरात. तेव्हा परवडणारं नव्हतं.

उरले दोन: एक वूफर काढून जुन्यासारखं २ ओहमवर चालवणं, किंवा दोन्ही ठेवून ४ ओहमवर चालवणं.

निर्णय

४ ओहम म्हटल्यावर पोराचा चेहरा पडला. "म्हणजे पाचशेचं तीनशे? मग दुसरा उफर घेऊन काय फायदा?"

प्रश्न वाजवी होता. ५०० वरून ३०० वॅट हा कागदावर मोठा खड्डा दिसतो. कानाला तो २.२ डेसिबल असतो. आणि त्याच वॅटवर एकाऐवजी दोन वूफर शेजारीशेजारी वाजले तर खालच्या सुरांत सुमारे ३ डेसिबल वाढतात, कारण हवा ढकलणारा पडदा दुप्पट झालेला असतो. म्हणजे ४ ओहमवरची जोडी ही २ ओहमवरच्या एकट्याच्या बरोबरीनं, उलट थोडी वरच. त्यात एकटा वूफर ५०० वॅट सोसणाराच नव्हता, त्याची मर्यादा ३००. मग खरी तुलना ३०० वॅटवर एक की ३०० वॅटवर दोन अशी होते. जोडीत प्रत्येकाच्या वाट्याला १५०, कॉइल थंड, आयुष्य जास्त.

आकड्यांनी माणूस पटत नाही, त्यामुळं ऐकूनच ठरवू म्हटलं. त्याला दुकानापुढच्या लिंबाखाली गाडीकडं पाठ करून उभा केला. एकदा एकच वूफर २ ओहमवर, एकदा दोन्ही ४ ओहमवर. दर वेळी मीटर लावून ॲम्प ३०० वॅटलाच बांधला. (एकट्यासाठी २४.५ व्होल्ट, जोडीसाठी ३४.६. गेनचं बटण दर वेळी फिरवावं लागलं. ते केलं नसतं तर परीक्षेला अर्थ नव्हता.) डब्यात मधली फळी होती, त्यामुळं बंद ठेवलेला वूफर वाजत्याच्या मध्ये येत नव्हता. तीनदा अदलाबदल केली, न सांगता. तिन्ही वेळा त्यानं जोडी ओळखली.

"पण कालच्या वरातीत पहिली दहा मिनिटं जो दणका होता, तसा नाही," तो शेवटी म्हणाला. खोटं कशाला सांगू, तसा नव्हताच. तो दणका ॲम्पच्या जिवावरचा होता.

काय केलं

४ ओहम दोन रीतींनी येतात. प्रत्येक वूफरच्या कॉइल आपसात सिरीज करून ८, मग दोन वूफर पॅरलल. किंवा कॉइल पॅरलल करून २, मग दोन वूफर सिरीज. आकडा एकच, पण मी पहिली रीत घेतली. दुसऱ्या रीतीत एक वायर निसटली की दोन्ही मुके. पहिलीत एक निसटला तरी दुसरा वाजत राहतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा विचार आधी करावा लागतो.

जोडणी अशी: पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, तेवढा तुकडा डब्याच्या आतच. उरलेला प्लस आणि मायनस बाहेर. दोन्ही वूफरचे प्लस ॲम्पच्या प्लसला, मायनस मायनसला.

इथं माझी चूक झाली, ती लिहायलाच हवी. दुसऱ्या वूफरला मी गडबडीत मायनसऐवजी प्लसला प्लस जोडला. मीटर लावला: ७.५, वजा ०.३, म्हणजे ७.२. अगदी बरोबर. मीटरला उलटसुलट कळत नाही, दोन्ही बाजूंनी तो तेवढाच आकडा दाखवतो. डबा बंद करणार एवढ्यात सवयीनं पेन्सिल सेल टेकवला. पहिल्या वूफरचा कोन ठसकन बाहेर आला. दुसऱ्याचा जागचा हलला नाही. दोन कॉइल एकमेकींशी कुस्ती खेळत होत्या. तसाच बंद केला असता तर तो वूफर गप्प राहिला असता, आतल्या आत नुसता तापला असता, आणि मी पोराला सांगितलं असतं की हैदराबादचा पीस खराब निघाला. जोड बदलला, सेल परत टेकवला, कोन बाहेर. शेवटी दोन्ही मिळून ॲम्पच्या तोंडाशी मोजलं: ३.९, वजा ०.३, म्हणजे ३.६.

केबलसाठी ऑडिओच्या दुकानात गेलोच नाही. वेल्डिंगवाल्याकडून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल सहा मीटर घेतली. मऊ असते, वळते, आणि जाडी प्लास्टिकची नसते. फक्त इंजिनापाशी तिच्यावर जाळीदार पाइप चढवावा लागतो, आणि पत्र्यातून आत येते तिथं रबरी बूच हवंच. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० चा फ्यूज. अर्थिंगसाठी पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासला, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबून बोल्ट कसला, वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी होता, पण त्याला मी हात लावत नाही. तो जीव वाचवायला आहे.

ॲम्प डब्यावर गालिच्यात गुंडाळल्यासारखा बसवलेला होता, तो काढून बाजूच्या पत्र्यावर रबरी बुटक्या पायांवर उभा केला, म्हणजे पाठीमागून हवा फिरेल.

गेनला फिटर लोक आवाजाचं बटण समजतात. तो तसा नाही. वूफरच्या वायरी सोडल्या, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवला, ५० हर्ट्झचा सलग सूर लावला, मीटर एसी व्होल्टवर घेऊन ॲम्पच्या तोंडाशी धरला आणि ३३ व्होल्टवर थांबलो. ३४.६ ही कमाल, दीड व्होल्ट शिल्लक ठेवले. बेस बूस्ट शून्यावर. लो-पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्यावरचे सूर गाळले जातात.

केबल, फ्यूज, थिंबल आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. निम्मी रक्कम एकट्या केबलची.

निकाल

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडी मुद्दाम उन्हात ठेवून, चाळीस मिनिटं सलग वाजवलं. ठोक्याला ॲम्पवर १२.९ च्या खाली व्होल्टेज गेलं नाही. ॲम्प गरम झाला, पण हात ठेवता येत होता. लाल लाइट नाही. हेडलाइट किंचित हलत होती, गाडी स्लोला असताना. तेवढं चालतं.

त्या मोसमातल्या सगळ्या तारखा त्यानं पार पाडल्या. मग पोळ्याच्या आधी एक दिवस फोन आला: "काका, एकच वाजायलंय, दुसरा मेला वाटतं." मेला नव्हता. डब्यातला सिरीजचा तुकडा मी थिंबल न दाबता नुसता पीळ देऊन स्क्रूखाली धरला होता, खड्ड्यांनी तो सुटला. ती माझी कसर. दुसरा वूफर तेवढ्यात ८ ओहमवर वाजत राहिला, त्यामुळं भाडं बुडालं नाही. सोल्डर करून, थिंबल दाबून दिला, पैसे घेतले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पोराच्या हातात एक जागा होती: दुसरा वूफर शोधायच्या आधी. तेव्हा कुणाला तरी विचारलं असतं तर जुना विकून २ ओहम कॉइलची जोडी घेता आली असती, आणि फरकाची रक्कम हैदराबादच्या चकरेएवढीच झाली असती. पण विचारायचं काय हेच माहीत नसतं. दुकानदार इंच आणि वॅट सांगतो. कॉइल किती ओहमची हे खोक्यावर असतं, बोलण्यात नसतं.

माझ्या हातातलं: बॅटरीआधी मी स्पीकरच्या वायरी सोडून मोजायला हव्या होत्या. तक्रारीतच उत्तर होतं. बंद पडून पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतं म्हणजे ॲम्प जिवंत आहे आणि भाराला कंटाळलाय. एक कॉइल वापरायच्या पर्यायावर मी आजही पूर्ण ठाम नाही. शांत माणसाची गाडी असती तर गेन आवरून तसं करून बघितलं असतं.

फिटरचं राहिलं. त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, कारण त्यानं मीटर लावला होता, जे निम्मे लोक लावत नाहीत. जूनमध्ये मी स्वतः त्याच्या दुकानात गेलो, पोराचा निरोप म्हणून. बसल्या बसल्या विषय काढला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दोन-दोन टर्मिनल दिलेत कशाला त्यांनी?" मी म्हटलं, जाड वायरी बसाव्यात म्हणून, दुसरं काही नाही. त्याच्या फळीवर त्याच जातीचा एक मोनो ॲम्प होता. त्यानं मीटर बीपवर ठेवून प्लसला प्लस लावला.

बीप ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत मानवतच्या एका गाडीवाल्याला फोन लावला: "दादा, उद्या गाडी घेऊन या. नाही, पैसे नाही लागणार. आणि तोवर वाजवू नका."